गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी कॉलनीचं वय मोजा



गाळा बघायला जाताना आपण काय काय बघतो? रस्ता किती रुंद आहे, समोर गाडी लागते का, शेजारी कोणाचं दुकान आहे, भाडं किती, डिपॉझिट किती, पाण्याचं काय (आपल्या शहरात हा प्रश्न पहिल्या पाचात येतोच). बॅचमध्ये मी हे विचारलं की फळा भरेल एवढी यादी निघते. त्या यादीत एक प्रश्न मात्र जवळजवळ कधीच नसतो: या वस्तीतल्या माणसांची वयं काय आहेत?

माझ्या मते हा प्रश्न भाड्याच्याही आधी यायला हवा. माणूस काय विकत घेणार हे त्याचा खिसा ठरवतो, तितकंच त्याचं वयही ठरवतं. तीन वर्षांच्या पोराला प्ले-स्कूल लागतं, तेविशीतल्या पोराला मेस लागते, सत्तरीतल्या आजोबांना बीपीची गोळी लागते आणि बाथरूममध्ये धरायला दांडा लागतो. शिवाय पुढच्या दहा वर्षांचा अंदाज इथे आजच बांधता येतो. सोन्याचा भाव पुढच्या वर्षी काय असेल, कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण आज पाच वर्षांचा असलेला मुलगा दहा वर्षांनी पंधराचा होणार, याला कुठल्या तज्ज्ञाची गरज आहे?

आठ-दहा लाखांची जमापुंजी, त्यात बायकोचे दागिने, वरून बँकेचं कर्ज. एवढं सगळं घेऊन तुम्ही गाळ्यात उतरणार असाल तर हा लेख सावकाश वाचा.

आधी शहराचा आकडा

२०११च्या जनगणनेत आपल्या महापालिका हद्दीची लोकसंख्या होती ११,७५,११६. त्यात सहा वर्षांपर्यंतची मुलं होती १,५८,७७९. म्हणजे शंभरात साडेतेरा. अख्ख्या महाराष्ट्राचं हेच प्रमाण तेव्हा बाराच्या थोडं खाली होतं. राज्याच्या मानाने आपलं शहर पोराबाळांचं होतं.

त्या आकड्याला सातने भागा. एकेका वयाची सरासरी साडेबावीस हजार मुलं येतात. २०११ नंतरच्या काळात गल्लोगल्ली प्ले-स्कूल, स्कूल व्हॅन, अबॅकस आणि हस्ताक्षराचे क्लास का दिसायला लागले, याचं बरंचसं उत्तर या एका भागाकारात आहे.

आता तीच मुलं २०२६ मध्ये पंधरा ते एकवीस वर्षांची झाली आहेत. त्यांना अकरावीचा क्लास हवा, स्कूटी हवी, जिम हवी, पोलीस भरतीची तयारी हवी, पहिल्या इंटरव्ह्यूचा शर्ट हवा. पुढच्या आठ-दहा वर्षांत त्यांची लग्नं निघतील. धंदा करणाऱ्याने या घोळक्याच्या दोन पावलं पुढे जाऊन थांबायचं असतं. बहुतेक जण काय करतात, तर घोळका जिथून निघून गेला तिथे दुकान टाकतात, कारण तिथे आधीची चार दुकानं चाललेली त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात.

मागून येणारा घोळका तेवढा मोठा नाही, हेही लक्षात ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं २००५-०६ मध्ये २.१ होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ झाली. पिढी तेवढीच टिकून राहायला साधारण २.१ लागतात. दुसऱ्या टोकाला साठीपुढची माणसं वाढताहेत. २०११ मध्ये महाराष्ट्रात ती शंभरात जवळजवळ दहा होती, देशात साडेआठच्या आसपास. २०३१ मध्ये देशाचा आकडा तेराच्या वर जाईल असा सरकारी अंदाज आहे.

जपानमध्ये ओजी होल्डिंग्ज या कंपनीने २०२४ मध्ये तिथल्या बाजारासाठी लहान मुलांचे डायपर बनवणं थांबवलं आणि मोठ्यांच्या डायपरवर भर दिला. आपण जपान व्हायला अजून बराच वेळ आहे. पण गारखेड्यातल्या माझ्या जनरल स्टोअरमध्ये काही वर्षांपूर्वी मोठ्यांचे डायपर कोणी मागितले तरच मागवायचो, आता ते पुढच्या रॅकवर असतात. रॅकवरची जागा फुकट नसते. जिथे माल फिरतो तिथेच ती मिळते.

वस्तीचीसुद्धा जन्मतारीख असते

शहराची सरासरी सांगून झाली, आता ती बाजूला ठेवा. सरासरी वयाचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात कधी येत नाही. येतो तो शेजारच्या तीन गल्ल्यांमधला माणूस. आणि आपल्या शहरात एका वस्तीचं वय दुसरीशी अजिबात जुळत नाही, कारण हे शहर टप्प्याटप्प्याने वसलंय.

१९७१ मध्ये शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या घरात होती. १९९१ मध्ये ती पावणेसहा लाखांच्या आसपास गेली. वीस वर्षांत जवळजवळ चौपट. आशियात सगळ्यात झपाट्याने वाढणारं शहर अशी आपली तेव्हा ख्याती होती. कशामुळे? १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग रेल्वे स्टेशनजवळ आणि चिकलठाण्यात कारखाने आले, १९८०च्या दशकाच्या मध्यात वाळूजला बजाज आली आणि तिच्यामागे सुट्या भागांचे शेकडो छोटे कारखाने. आलेला माणूस वीस ते तीस वर्षांचा होता. कारखाना साठीच्या माणसाला नोकरीवर घेत नाही! म्हणजे अख्खी वस्ती एकाच वयाची वसली. आणि एकाच वेळी वसलेली वस्ती एकाच वेळी म्हातारी होते.

सिडकोचं उदाहरण घ्या. १९७०च्या दशकात सिडकोने इथे नवं शहर वसवायला घेतलं. एन-१ ते एन-१३, आपण सगळे पत्ते असेच सांगतो. ज्यांनी तिथे ऐंशीच्या आसपास तीस-पस्तिशीत घर घेतलं, ते आज पंचाहत्तर-ऐंशीचे आहेत. त्यांची मुलं याच गल्ल्यांमध्ये क्रिकेट खेळली, इंजिनिअर झाली आणि बरीचशी पुण्याला गेली. काही बेंगळुरूला, काही परदेशात. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, दारात तुळस आणि जास्वंद, आत दोनच माणसं. कधी कधी एकच.

कॅनॉटला रात्री आठ वाजता गेलात तर वाटेल, सिडको म्हणजे सगळी पोरंच पोरं. मोमो, शोरमा, बाईकच्या रांगा. पण ती पोरं शहरभरातून तिथे येतात. सकाळी सहाला त्याच बागेत जा. कानटोपी, काठी आणि शुगरचे रिपोर्ट. या भागात खरोखर राहणारी माणसं ही आहेत. धंदा बघायला रात्री जाणारे खूप असतात, सकाळी सहाला जाणारा मी अजून फारसा पाहिला नाही.

अशा जुन्या गल्लीत कोणी प्ले-स्कूलची फ्रँचायझी घेतो म्हणाला की मी त्याला कागद-पेन देतो. समजा, तुमच्या एक किलोमीटरच्या टप्प्यात दहा हजार माणसं आहेत. २०११च्या शहरी प्रमाणाने त्यात सहा वर्षांपर्यंतची १,३५० मुलं असती, एका वयाची १९०. पण वस्ती म्हातारी झाली असेल आणि प्रमाण शंभरात सातवर आलं असेल तर एका वयाची शंभरच उरतात. त्यातली निम्मी अंगणवाडीत जातात किंवा आजीपाशी राहतात. उरली पन्नास. आधीच चार प्ले-स्कूल आहेत, तुमचं पाचवं. वाट्याला आली दहा. दहा मुलांच्या फीमध्ये गाळ्याचं भाडं, दोन शिक्षिका, एक मावशी आणि फ्रँचायझीची रॉयल्टी बसते का, ते तुम्हीच मांडून बघा.

याचा अर्थ प्ले-स्कूल चालत नाही असा घेऊ नका. तेच गणित बीड बायपासच्या पलीकडे, सातारा-देवळाईत मांडा. तिथल्या फ्लॅटमध्ये तीस ते चाळीसची जोडपी आहेत, दोघंही कामाला, घराचा हप्ता चालू, मूल दोन ते दहा वर्षांचं. तिथे प्ले-स्कूल, पाळणाघर, शाळेनंतर मुलाला सांभाळून अभ्यास घेणारी ताई, वाढदिवसाचा केक, सायकल दुरुस्ती, सगळ्याला मागणी आहे. एकच धंदा, एकच भांडवल, फक्त रिक्षाने वीस मिनिटांचं अंतर.

काही वस्त्यांचं वय वाढतच नाही. उस्मानपुरा, औरंगपुरा, विद्यापीठाकडचा भाग, जिथे जिथे कॉलेज, क्लास आणि अभ्यासिका आहेत तिथे बीड, जालना, परभणी, हिंगोलीची पोरं येतात, तीन-चार वर्षं राहतात आणि जातात. माणसं बदलतात, वय तेच राहतं, अठरा ते सव्वीस. तिथे मेस, झेरॉक्स, इस्त्री, सेकंडहँड पुस्तकं कायम चालणार. फक्त मे महिन्यात खोल्या रिकाम्या होतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस मेसची भांडी उपडी असतात. भाडं बारा महिन्यांचं आणि कमाई दहा महिन्यांची हे ज्याने वहीत आधी लिहिलं, तोच तिथे टिकतो.

बजाजनगर: एका घरात दोन पिढ्या, दोन खिसे

मला सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते वाळूजकडे. जो १९८८ मध्ये बावीस वर्षांचा असताना कंपनीत लागला, तो आता साठीच्या आसपास आहे. म्हणजे बजाजनगर वसवणारी पिढी गेल्या काही वर्षांत रिटायर होतेय, आणि अजून काही वर्षं होत राहील. त्यांनी छोट्या प्लॉटवर बांधलेल्या घराच्या खालच्या मजल्यावर ते स्वतः राहतात आणि वर एक-दोन खोल्या काढून भाड्याने देतात. भाडेकरू कोण? कंत्राटावर लागलेली विशी-पंचविशीतली पोरं. रांजणगाव शेणपुंजीकडे तर एका खोलीत तिघं-चौघं. या वस्तीचा वयाचा आलेख काढला तर दोन वशिंडांच्या उंटासारखा निघेल: एक फुगवटा तेविशीला, एक साठीला, मध्ये खोलगट.

अशा ठिकाणी एकाच रस्त्यावर दोन वेगळे बाजार चालतात. पोरांना रात्री अकरापर्यंत उघडी पोळी-भाजी हवी, कारण सेकंड शिफ्ट तेव्हा सुटते. काकांना साडेसातला जेवून झोपायचं असतं. पोरांना हप्त्यावर मोबाईल हवा, काकांना तोच मोबाईल वापरायला शिकवणारा कोणीतरी हवा.

आता खिशाकडे बघा. साठीपुढची माणसं वाढताहेत हे ऐकून उडी मारणारे इथेच आपटतात. सिडकोतले निवृत्त शिक्षक किंवा सिंचन खात्यातले काका यांना सरकारी पेन्शन आहे, महागाई भत्त्यासकट. कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांना ईपीएस-९५ ची पेन्शन. तिचं सूत्र ठरलेलं आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये, त्याआधी ती ६,५०० होती. अगदी १५,००० वर ३५ वर्षं धरली तरी महिन्याला ७,५०० येतात. प्रत्यक्षात बहुतेकांना त्यापेक्षा बरीच कमी मिळते आणि किमान पेन्शन आहे १,००० रुपये. दोघंही पासष्ट वर्षांचे, दोघांनाही गुडघेदुखी. एक घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला महिन्याला चार हजार देईल. दुसऱ्यासाठी ती जवळजवळ अख्खी पेन्शन आहे.

मग बजाजनगरच्या काकांना काही विकता येत नाही का? येतं, पण वेगळं. निवृत्तीला पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात येते. ती बँकेत फार दिवस पडून राहत नाही. मुलीचं लग्न, वरचा मजला, मुलाला धंदा. भाड्याच्या खोल्या काढून देणारा, त्यात कमी पाण्यात चालणारं संडास-बाथरूम बसवणारा, भाडेकरूचा करारनामा आणि पोलीस पडताळणी करून देणारा, भाडं वसुलीची वही सांभाळणारा, यांचं काम आज तिथे आहे. काकांना भाड्याचे सात-आठ हजार सुरू झाले की मग ते दर महिन्याचं गिऱ्हाईक होतात. आधी त्यांची मिळकत सुरू करून द्या, मग आपली.

बिडकीनमध्ये आत्ताच प्ले-स्कूल नको

ऑरिक म्हणजे शेंद्रा-बिडकीनबद्दल कमेंटमध्ये रोज विचारणा असते. एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्या तिथल्या प्रकल्पांच्या घोषणा २०२४ मध्ये झाल्या, तेव्हापासून प्रत्येकाला तिथे गाळा हवाय. घोषणा, बांधकाम, भरती आणि पूर्ण क्षमतेने उत्पादन यात वर्षं जातात, हे एक. दुसरं म्हणजे क्रम. कारखान्याच्या गावात मागणी कशी येते ते बजाजनगरने चाळीस वर्षांत दाखवून दिलंय. पहिल्यांदा बांधकाम मजूर, त्यांना लागतो चहा, वडापाव, रिचार्ज, बूट. मग सडे कामगार, त्यांना खोली, मेस, दाढी-कटिंग, जुनी बाईक. चार-पाच वर्षांनी लग्नं, तेव्हा गॅसची शेगडी, कूलर, कपाट, बाळंतपणाचा दवाखाना. त्यानंतर तीन वर्षांनी पहिली मुलं प्ले-स्कूलच्या वयाला येतात.

म्हणजे वयाच्या हिशोबाने नव्या औद्योगिक पट्ट्यात आज उतरायचं असेल तर ज्वारीची भाकरी देणारी मेस बघा. स्टेशनरीचं दुकान घेऊन थांबलात तर मुलं जन्माला येईपर्यंत भाडं भरत बसाल. बिडकीन हे जुनं गाव आहे, तिथे आधीपासून कुटुंबं, शाळा, बाजार सगळं आहेच. मी बोलतोय ते नव्याने येणाऱ्या माणसांबद्दल.

मोजायचं कसं?

जनगणनेचे आकडे जुने झालेत आणि नव्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. तिचे वयाचे तक्ते हातात येईपर्यंत गाळा थांबणार नाही. म्हणून हे घरी बसून करा.

निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर मतदार यादी मोफत मिळते. विधानसभा मतदारसंघ निवडायचा, शहरात मध्य, पूर्व आणि पश्चिम, मग यादी भाग निवडायचा. एका भागात साधारण हजार-बाराशे मतदार असतात आणि प्रत्येकापुढे वय असतं. तुमच्या गाळ्याभोवतीचे चार-पाच भाग घ्या. नावं उतरवायची नाहीत, फोन शोधायचे नाहीत, लोकांच्या माहितीशी खेळायचं नाही. फक्त वयाच्या पुढे रेघोट्या मारायच्या: १८ ते २५, २६ ते ४०, ४१ ते ५९, ६० ते ७४ आणि ७५च्या पुढे. एका भागाला तास-दीड तास लागतो.

ही यादी जशीच्या तशी खरी धरू नका. पुण्याला गेलेल्या मुलाचं नाव इथेच राहतं, त्यामुळे सिडकोसारख्या भागात पंचवीस ते चाळीसचा आकडा फुगलेला दिसतो. वारलेल्या माणसाचं नावही कधी कधी तसंच असतं. रांजणगावात उलटं. तिथल्या सड्या पोरांची मतं त्यांच्या गावी, म्हणून ती यादीत दिसतच नाहीत. तिथे सकाळी सहा वाजता कंपनीच्या बसच्या थांब्यावर उभं राहून डोकी मोजा, आणि मेसवाल्याला विचारा रोज किती डबे जातात.

अठराच्या खालचे मतदार यादीत नसतात. लहान मुलांचा अंदाज अंगणवाडी ताईंना असतो. त्यांच्याकडे घरोघरची नोंद असते, एकूण आकडा तेवढा विचारा. शाळांचा पट यू-डायसवर शाळेच्या नावाने बघता येतो. पहिलीचा पट आठवीपेक्षा स्पष्ट कमी दिसला, आणि असं एकाच शाळेत नाही तर आसपासच्या तीन-चार शाळांमध्ये दिसलं, तर लहान मुलांचा धंदा त्या भागात करायचा की नाही यावर पुन्हा विचार करा.

हा कागद बँकेतही उपयोगी पडतो. पीएमईजीपीत सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि प्रकल्प अहवालात बाजारपेठ हा रकाना असतो. तिथे बहुतेक जण ‘भरपूर मागणी आहे’ असं लिहितात. तुम्ही लिहा, की माझ्या एक किलोमीटरमध्ये पाच यादी भागांत साठीपुढचे इतके मतदार आहेत आणि अशी सेवा देणारे आज इतकेच आहेत. जिल्हा उद्योग केंद्रातला अधिकारी असो की बँकेचा मॅनेजर, तो असा अर्ज वाचायला थांबतो.

जुन्या कॉलनीत उतरायचं तर

समजा, मोजल्यावर तुमच्या टप्प्यात साठीपुढचे दोन हजार निघाले. लगेच दोन हजार गुणिले काहीतरी करू नका. शंभरातला एक धरा. वीस घरं, महिन्याला बाराशे रुपये, म्हणजे चोवीस हजार. एवढ्यात एक मदतनीस आणि पेट्रोल निघतं, तुमचा पगार निघत नाही. शंभरातले तीन धरले तर बहात्तर हजार, तेव्हा धंदा उभा राहतो. एकाचे तीन व्हायला किती दिवस लागतील आणि तोपर्यंत घर कशावर चालेल, हे ठरलं की मगच गाळ्याचा विचार. खरं सांगायचं तर या कामाला पहिलं वर्षभर गाळा लागतही नाही.

काय द्यायचं ते घरागणिक बदलतं. कमी मीठ-तेलाचा डबा (एफएसएसएआयची नोंदणी आधी घ्या), औषधं आणून देणं, घरून रक्ताचा नमुना नेणाऱ्या लॅबशी जोडणी, दवाखान्यात सोबत जाऊन नंबर लावणं, बाथरूमला दांडे आणि न घसरणारी फरशी, नळाच्या दिवशी पाणी भरून देणं. हे शेवटचं तुम्हाला हसण्यासारखं वाटेल. ज्या शहरात नळ रोज येत नाही, तिथे सत्तरीच्या काकूंना हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला वेळेवर कोणीतरी लागतं, आणि त्याचे त्या आनंदाने पैसे देतात. इंजेक्शन, सलाईन यात मात्र शिकलेल्या नर्सशिवाय हात घालू नका.

पाटीवर ‘वृद्धांसाठी सेवा’ लिहू नका. पंचाहत्तरीचे काकाही स्वतःला वृद्ध समजत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून ते आपल्यापेक्षा जास्त फिरतात. ‘घरपोच मदत’ एवढं पुरे. पैसे बऱ्याचदा पुण्यातला मुलगा किंवा नाशिकची मुलगी देते, पण तुम्हाला ठेवायचं की नाही हे काकूच ठरवतात. म्हणून काम झालं की मुलाला व्हॉट्सॲपवर दोन ओळी आणि बिलाचा फोटो, आणि काकूंशी पाच मिनिटं गप्पा. यातली एक गोष्ट सोडली तरी गिऱ्हाईक तुटतं.

सगळ्यात कठीण आहे दार उघडून घेणं. डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून ही माणसं घाबरलेली आहेत आणि अनोळखी माणसाला आत घेत नाहीत. योग्यच करतात. तुमचा रस्ता ज्येष्ठ नागरिक संघातून जातो. जुन्या कॉलन्यांमध्ये बहुधा असा एखादा संघ असतोच. तिथल्या सचिवांना भेटा, स्वतःचं ओळखपत्र, पत्ता आणि दोन ओळखीच्या माणसांची नावं लिहून द्या, मदतनीसाची पोलीस पडताळणी आधीच करून ठेवा.

आणि सुरुवात नोव्हेंबरात करा. त्या महिन्यात सरकारी पेन्शनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’वर डिजिटल देता येतो, आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. पोस्टाची पेमेंट्स बँक पोस्टमनमार्फत घरी येऊन हे काम थोड्या पैशांत करतेच, त्यामुळे यातून कमाई होईल असं धरू नका. संघाच्या खोलीत दोन दिवस टेबल मांडा, ज्यांना जमत नाही त्यांना मदत करा. मोबाईल त्यांच्याच हातात राहू द्या, ओटीपी तुम्ही बघू नका, आधारची झेरॉक्स ठेवून घेऊ नका. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डाची माहिती द्या, २०२४च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न लावता ते मिळतं आणि अनेकांनी अजून काढलेलं नाही.

दोन दिवसांत पन्नास-साठ जण टेबलाशी येतील. प्रत्येकाला एकच विचारा: ‘काका, घरी एखादं काम कोणी करून दिलं तर बरं होईल असं वाटतं का?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा, खाली नाव नको. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन बसा. ज्या कामाचा उल्लेख दहापेक्षा जास्त वेळा आलाय, त्याच्यापुढे दर लिहा, आणि तो दर सचिवांना दाखवून विचारा की महाग वाटतो का.